जुन्या ४८६ संगणकाच्या बायोसमध्ये बूटचे पर्याय कसे वाढवावेत?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिळालेला आपला ४८६ (इंटेल ८०४८६ प्रोसेसरचा जुना संगणक) केवळ फ्लॉपी किंवा पहिल्या हार्ड डिस्कवरून सुरू (बूट) होतो, तरीही त्याच्या मूळ बायोसला, म्हणजे संगणक सुरू होताच चालणाऱ्या प्रोग्रॅमला, हात लावू नये, असे मी आग्रहाने सांगेन. त्याऐवजी नेटवर्क कार्डावरील बूट-रॉमच्या (सुरू होतानाचा प्रोग्रॅम साठवणाऱ्या चिपच्या) रिकाम्या सॉकेटमध्ये, एक्सटी-आयडीई युनिव्हर्सल बायोस हा डिस्क हाताळणारा पूरक बायोस लिहिलेली ८ केबीची २७सी६४ चिप बसवावी (चिपची खाच सॉकेटच्या खाचेशी जुळवूनच). संगणक सुरू होताना मूळ बायोस ५५ एए या (हेक्साडेसिमल) दोन बाइटांनी सुरू होणारा रॉम शोधतो, त्यातील सर्व बाइटांच्या बेरजेला २५६ ने निःशेष भाग जातो का हे तपासतो आणि मगच त्याच्याकडे ताबा देतो. म्हणून चिपवर लिहायच्या फाइलमध्ये एक बाइट जरी बदलला, तरी चेकसम (ही बेरीज जुळवणारा बाइट) पुन्हा काढावाच लागतो. चिप बसल्यावर ५०४ एमबीहून मोठी डिस्कही दिसते आणि बूटचा ड्राइव्ह कळ दाबून निवडता येतो.