लातूरला खाऱ्या पाण्याच्या दोन फुटी टाकीत मश्रूम आणि झोअँथस ही कोरल (प्रवाळं) ठेवायचीत. लाइट कुठल्या रंगाचा आणि किती जोरात?

निळा जास्त, पांढरा कमी. कोरलच्या अंगातलं सूक्ष्म शैवाल ४२० ते ४८० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशावर उत्तम चालतं. पांढरा बराचसा आपल्याच डोळ्यांसाठी.

तीव्रता वॅटवर ठरवू नका, पार (PAR, म्हणजे शैवालाला वापरता येणारा प्रकाश) मोजणाऱ्या मीटरवर बघा. या दोघांना ५० ते १०० पार पुरतं. मीटर नसेल तर लाइट ३० टक्क्यांवर सुरू करा, दर आठवड्याला पाचेक टक्के वाढवा आणि कोरलकडे बघत राहा. मश्रूम आक्रसला, रंग फिका पडला की प्रकाश बहुधा जास्त होतोय. झोअँथस देठ लांबवून वर ताणायला लागले तर कमी पडतोय. दिवसाला आठ-नऊ तास बास.

आपल्याकडे खरी डोकेदुखी मे महिन्याची. बाहेर ४२ अंश, त्यात लाइटची धग. पाणी २८ च्या वर सरकलं की आधी पांढरा लाइट कमी करा, पाण्यावर पंखा सोडा. उडून गेलेलं पाणी आरओच्या बिनमिठाच्या पाण्याने भरा, बोअरचं तर अजिबात नको.

आणि हो, दगडी (कठीण सांगाड्याचं) कोरल कुणी स्वस्तात देऊ केलं तरी घेऊ नका. ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतं.