जुन्या औषधी-ग्रंथांचा माग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (फोंडा) : पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी गोव्यात छापलेला औषधींवरचा ग्रंथ मला वाचायचा आहे. ग्रंथालयांच्या सूचीत शोधलं, काहीच मिळालं नाही.

उत्तर : आधी लेखकाचं नाव बदलून पाहा. सूचींमध्ये ते कुठे ‘ओर्ता’, कुठे ‘द ओर्ता’, कुठे ‘दा ओर्ता’ असं नोंदलेलं असतं, आणि लॅटिन आवृत्त्यांत ‘गार्सिया अब होर्तो’. 1563 च्या मूळ छपाईच्या प्रती जगभरात मोजक्याच उरल्या आहेत. त्यामुळे सुरुवात काँदे द फिकाल्यो यांच्या सटीप पोर्तुगीज आवृत्तीपासून करा (दोन खंड, 1891 आणि 1895). पोर्तुगीज येत नसेल, तर मार्कहॅम यांचं 1913 चं इंग्रजी भाषांतर घ्या. दोन्ही ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर फुकट मिळतात.

वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियसने या ग्रंथावरून केलेल्या 1567 च्या लॅटिन पुस्तकावर मात्र विसंबू नका. युरोपने ओर्ता वाचला तो मुख्यतः त्यातून, पण मूळ ग्रंथ संवादरूप असताना क्लुसियसने संवाद काढून मजकूर आटवला आणि क्रमही बदलला. ओर्ताचा खरा जीव त्या संवादांतच आहे. सतरावा संवाद वरवर कोष्ठ या औषधीवर आहे. बोलणं चालू असताना रुग्णाकडून बोलावणं येतं आणि तिथून पटकीचं (कॉलऱ्याचं) वर्णन सुरू होतं. इथले लोक या रोगाला ‘मोर्शी’ म्हणतात, हेही ओर्ता नोंदवतो. म्हणून संवाद सलग वाचा.

प्रश्न (ठाणे) : ‘हॉर्टस मलबारिकस’ या मलबारच्या वनस्पतींवरच्या लॅटिन ग्रंथामध्ये देवनागरीतलं कोकणी पत्र आहे म्हणतात. ऑनलाइन शोधूनही सापडत नाही.

उत्तर : आहे, आणि ते प्रत्येकाने एकदा डोळ्यांनी पाहावं. 1678 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला निघालेल्या पहिल्या खंडाच्या आरंभीच्या पानांत ते आहे. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तिघांनी आपण या कामात कसं साहाय्य केलं ते त्यात लिहून दिलं आहे. मलयाळी वैद्य इट्टी अच्युतन यांचं पत्रही तिथेच आहे.

शोधपेटीत शब्द टाकून ते मिळणार नाही, कारण जुनी देवनागरी यंत्राला नीट वाचता येत नाही. ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’त पहिला खंड उघडा आणि मुखपृष्ठापासून एकेक पान उलटत जा. पुढे चित्रांवरही वनस्पतींची नावं नागरीत कोरलेली दिसतील.

प्रश्न (सांगली) : घरात वैद्यकाच्या पोथ्यांचं एक बाड आहे. त्यातला ग्रंथ कोणता, हे कसं कळेल?

उत्तर : पोथ्या बांधलेल्या रुमालावरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका. एका बाडात तीन-चार वेगवेगळे ग्रंथ असणं नेहमीचंच. प्रत्येकाची पहिली ओळ आणि शेवटची पुष्पिका (समाप्तीची नोंद) उतरवून घ्या. पुष्पिकेत बहुधा ग्रंथनाम, कर्ता, लेखनिक आणि शक मिळतो. शकात 78 मिळवले की इसवी सन येतं. मग ऑफ्रेश्टचा ‘कॅटलॉगस कॅटलॉगोरम’ (संस्कृत हस्तलिखितांची सूची) किंवा मद्रास विद्यापीठाची त्याच नावाची नवी सूची पाहा. पुण्याच्या भांडारकर संस्थेत तुलनेसाठी वैद्यकाची हस्तलिखितं आहेत. मजकूर मराठी असेल, तर तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालयही विसरू नका.

पानांचा क्रम बदलू नका. आधी आहे तसे फोटो काढा. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन अजिबात नको. पानांमध्ये मोडीतल्या काढ्या-चाटणांच्या चिठ्ठ्या सापडल्या तर जिथे आहेत तिथेच राहू द्या, कारण कुठला उपचार कुणाच्या घरी खरोखर होत होता हे त्याच सांगतात. छापील ग्रंथाच्या दुसऱ्या प्रती निघतील, या चिठ्ठ्यांची दुसरी प्रत कुठेच नाही.

प्रश्न (नागपूर) : जुन्या पुस्तकांतली लॅटिन नावं आजच्या यादीत दिसत नाहीत.

उत्तर : नावं बदलतात. आपला खैर आधी मिमोसा कॅटेचू होता, मग अकेशिया कॅटेचू झाला, आता सेनेगालिया कॅटेचू आहे. लंडनच्या क्यू वनस्पती-उद्यानाच्या ‘प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’मध्ये जुनं नाव टाका, आजचं मिळेल. शोध मात्र दोन्ही नावांनी करा, कारण 1900 च्या आसपासच्या पुस्तकांत जुनंच नाव असणार.