डाव्या आट्यांचा टॅप खरा, बुडबुडा खोटा

‘कानस-हातोडी’ : वाचकांचे प्रश्न, जुन्या फिटरची उत्तरं

प्रश्न : काका, आयटीआयमधून फिटर होऊन मी भांडुपच्या एका टूलरूममध्ये अप्रेंटिस लागले. पहिल्याच आठवड्यात मला पातळी तपासायच्या स्पिरिट लेव्हलचा ‘जादा बुडबुडा’ आणायला स्टोअरला पाठवलं. स्टोअरवाल्यानं मेंटेनन्सला धाडलं, त्यांनी कॅन्टीनला. सगळे हसले. पुढच्या सोमवारी फोरमननं डाव्या आट्यांचा टॅप मागितला. म्हटलं, आता नाही फसायची. जागची हललेच नाही. तर तो टॅप खरंच असतो, भोकात उलटे आटे पाडायचं हत्यार! सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. खरं-खोटं ओळखायचं कसं? — एक वाचक, विक्रोळी

उत्तर : पोरी, बुडबुड्यापेक्षा टॅपच तुला जास्त लागला असणार.

मी १९७४ साली लालबागच्या एका गिरणीत मेकॅनिक खात्यात चिकटलो. उस्ताद म्हणाले, “कोल्ड चिझल आण. नीट कोल्ड आहे ना, बघून घे.” आपल्या छन्नीलाच कोल्ड चिझल म्हणतात आणि लोखंड न तापवता कापते म्हणून ती कोल्ड, हे मला ठाऊक होतं. पण उस्तादांपुढे उभा राहिलो आणि शिकलेलं सगळं पुसलं गेलं. कॅन्टीनमधून बर्फ मागितला, बादलीत छन्नी अर्धा तास बुडवून ठेवली आणि टॉवेलात गुंडाळून नेऊन दिली. उस्तादांनी ती गालाला लावली, डोळे मिटले आणि म्हणाले, “अजून जरा कोमट आहे रे.” मी बादलीकडे परत निघालोसुद्धा!

लोक सांगतात की अशा फेऱ्यांमुळे नव्या पोराची सगळ्या खात्यांशी ओळख होते. मला नाही पटत. मला त्या दिवशी खाती दिसलीच नाहीत, फक्त दात दिसले. इंग्लंडच्या कारखान्यांत नव्या पोराला ‘लाँग वेट’ आणायला धाडायची जुनी रीत. वेट म्हणजे वजनही आणि थांबणंही, तेव्हा बिचारा स्टोअरच्या खिडकीशी तासभर उभा. ही कोटी मराठीत चालत नाही, नाहीतर आमच्या उस्तादांनी तीही सोडली नसती.

खरी अडचण अशी, की आपल्या हत्यारांची खरी नावंच थापा वाटतात. बास्टर्ड फाइल मागितली तर कुणी शिवी देतंय असं वाटेल, पण ती रफ आणि सेकंड कट यांच्यामधल्या दात्यांची साधी कानस. डेड स्मूथ कानस असते. रेघ आखायचा जेनी कॅलिपर असतो, एक पाय वाकडा, एक सरळ टोकदार. आणि डावे आटे तर तुझ्या रोजच्या वाटेवर आहेत. सायकलचं डावं पॅडल मारता मारता सुटू नये म्हणून त्याला उलटे आटे. बेंच ग्राइंडरच्या डाव्या बाजूचा नट तसाच. वेल्डिंगवाल्याकडे ॲसिटिलीनचा नट बघ, उलट्या आट्यांचा आणि कोपऱ्यांवर खाच मारलेला. ऑक्सिजनचा सुलटा. एकाची नळी दुसऱ्याला बसूच नये म्हणून ही योजना. तेव्हा ‘डावं’ ऐकलं की थाप, असं धरून चालू नकोस.

एकच प्रश्न विचारत जा : “कुठल्या मापाचा आणू?” खऱ्या हत्याराला माप असतंच. टॅप म्हटला की व्यास आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर), कानस म्हटली की लांबी आणि कट, हॅकसॉचं पान म्हटलं की इंचाला दाते १८, २४ की ३२. बुडबुड्याला माप विचारलंस तर समोरचा क्षणभर अडखळेल. अर्थात मुरलेला असेल तर म्हणेल, “मोठ्यातला आण.” मग स्टोअरच्या खिडकीवर लक्ष ठेव. आमच्याकडे प्रत्येकाला नंबर ठोकलेले पितळी बिल्ले असत. हत्यार उचललं की त्याच्या खिळ्यावर आपला बिल्ला अडकवायचा. स्टोअरवाला बिल्ला न मागता “पुढच्या खात्यात बघ” म्हणाला, की तिथूनच मागे फिरायचं. तुमच्याकडे आता बिल्ल्याऐवजी रजिस्टर असेल. सही मागितली नाही, तर वस्तू नाही.

आणि फोरमनला जाऊन सांग, बुडबुड्यामुळे टॅप राहिला. मस्करीचा खर्च कामावर पडला, हे त्यालाही कळू दे.

प्रश्न : माझ्या वर्कशॉपमध्ये पोरं एकमेकांची खेचतात, मी काणाडोळा करतो. परवा एकानं दुसऱ्याच्या पँटला मागून कंप्रेसरचा पाइप लावला. मनावर घ्यावं का? — एक वाचक, साकीनाका

उत्तर : घ्या साहेब, आजच घ्या. तुमच्या कंप्रेसरला ६-७ बार दाब असणार, म्हणजे मोटारीच्या टायरातल्या हवेच्या तिप्पट. कपडा त्याला अडवत नाही. आतडं फाटतं. अशा ‘गमतीत’ पोरं मेल्याच्या बातम्या पेपरात येऊन गेल्यात. पाइप अंगावर धरणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवा. अंगावरचा लोखंडाचा किस झटकायलाही हवा नको, ब्रश द्या.

गरम लोखंड हातात देण्याची ‘गंमत’ही याच यादीत. साधारण ५०० अंशांच्या खाली लोखंड लाल दिसत नाही, काळंच दिसतं, आणि हाताची सालं निघतात. वेल्डिंग झालेल्या तुकड्यावर खडूनं ‘गरम’ लिहायची सवय लावा.

प्रश्न : गिरणीत असलेल्या आजोबांचा एक पाना माळ्यावर सापडला. त्यावर ‘१/२ डब्ल्यू’ ठोकलंय, पण तोंड जवळजवळ इंचभर. अर्ध्या इंचाच्या नटाला ढगळ, २४ मिलिमीटरच्या नटावर चढत नाही. पाना चुकीचा बनलाय का? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : पाना बरोबर आहे, तुम्ही आकडा चुकीच्या जागी वाचताय. डब्ल्यू म्हणजे व्हिटवर्थ. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरनं १८४१ साली आट्यांचं माप ठरवून दिलं. त्या पान्यावरचा आकडा तोंडाचा नसतो, बोल्टाच्या जाडीचा असतो. अर्ध्या इंचाच्या बोल्टाचा नट ०.९२ इंच, म्हणजे २३.४ मिलिमीटर. म्हणून २४ चा नट आत जात नाही आणि २२ चा आत फिरून कोपरे खातो. आटेही निराळे : व्हिटवर्थचा कोन ५५ अंश, मेट्रिकचा ६०. गिरणगावातले साचे (माग) लँकेशायरहून आलेले, त्यांना हेच पाने लागत.

रॉकेलच्या फडक्यानं पुसा, तारेचा ब्रश हलक्या हातानं मारा. ग्राइंडरवर चकचकीत करायला देऊ नका, ठोकलेली अक्षरं जातील. चोरबाजारात भंगाराच्या भावानंही देऊ नका. जुन्या इंग्लिश मोटरसायकली दुरुस्त करणारा मिस्त्री गाठा, त्याला तोंडाच्या कडा दाखवा. गोल झाल्या नसतील तर तो तुमच्याकडे चहा प्यायला येईल.

प्रश्न : कुणीतरी ऑफिसच्या फोनच्या रिसीव्हरला निळं फासलं होतं. कान धुतला तर मानेपर्यंत निळा झालो. — एक वाचक, लोअर परळ

उत्तर : तो प्रशियन ब्लू. सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पाट्यावर, पातळ फासून त्यावर जॉब (घडवायचा तुकडा) घासायचा, उंचवटा असेल तिथे निळा ठिपका उठतो, तेवढाच स्क्रेपरनं खरवडायचा. रंग तेलातला आहे, पाण्यानं फक्त पसरतो. आधी खोबरेल चोळा, कोरड्या फडक्यानं पुसा, मग साबण. कानाच्या मागेही बघा, तिथलं दुसऱ्या दिवशी बायको दाखवते.