वही चुकलेली असली तरी तशीच पाठवा : दुसरीतल्या मुलीच्या ऑनलाइन शाळेबद्दल

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी दुसरीत आहे, शाळा पुढचे काही महिने ऑनलाइन झालीये, पहिल्याच आठवड्यात रोज रडारड, आणि तुम्ही स्वतःचं काम बाजूला ठेवून तिच्या शेजारी बसून उत्तरं सांगताय कारण नाहीतर ती मागे पडेल. आणि शेवटी विचारलंय की मी घरी नेमकं किती शिकवायचं. मी १९ वर्षं पहिली ते चौथीच्या वर्गांना शिकवतेय, २०२० च्या मार्चमध्ये चार दिवसांत अख्खा वर्ग स्क्रीनवर न्यावा लागला होता, तेव्हा मुलांइतकंच त्यांच्या आईबाबांनाही सांभाळून घ्यावं लागलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

थेट उत्तर आधी देते. शिकवू नका. तुम्ही फक्त तिला वेळेवर बसवा, वस्तू हाताशी ठेवा, आणि ती जे काही स्वतः करेल ते जसंच्या तसं बाईंपर्यंत पोचू द्या. हे तिसरं सगळ्यात अवघड आहे आणि सगळ्यात महत्त्वाचंही.

का ते सांगते. माझ्या वर्गात तेव्हा एक मुलगा होता, रोज वहीचे फोटो यायचे, सगळं बरोबर, अक्षर नीट, मी रोज शाबासकी द्यायची. तीन आठवड्यांनी एकेकट्या मुलाशी दहा-दहा मिनिटं बोलायला सुरुवात केली तेव्हा त्याला ५२ वजा २७ करायला दिलं आणि तो शांतपणे म्हणाला ३५. म्हणजे सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. वरचा आकडा लहान आहे की खालचा हे न बघता मोठ्यातून लहान काढायचा, ही या वयात फार कॉमन चूक आहे, वर्गात असता तर पहिल्याच दिवशी त्याच्या बाकाशेजारून जाताना मला दिसली असती आणि काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवून दोन दिवसांत सुटली असती. पण घरी आई रोज ३५ खोडून २५ लिहून घ्यायची आणि मग फोटो काढायची. तिने प्रेमानेच केलं, मुलाला कमी गुण पडू नयेत म्हणून. पण मला तीन आठवडे त्याची वही दिसत होती, तो दिसत नव्हता. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, कारण मीही रोजच्या बरोबर उत्तरांवर खूश होते, कधी शंका घेतली नाही.

ऑनलाइनमध्ये शिक्षकाचं नेमकं काय जातं तर हेच जातं. वर्गात आम्ही उत्तर कमी आणि मूल जास्त बघत असतो. कोण बोटं मोजतंय, कोण शेजारच्याचं बघतंय, कोण घ आणि ध मध्ये दरवेळी थबकतंय, कोण पेन्सिल मुठीत धरून लिहितंय. स्क्रीनवर यातलं काही दिसत नाही, दिसतं फक्त कागदावरचं, आणि तेही घरून दुरुस्त होऊन आलं तर बाईंच्या हातात काहीच उरत नाही. म्हणून चूक खोडू नका. ती चूक म्हणजे तुमच्या मुलीने बाईंना पाठवलेला निरोप आहे असं समजा.

आता तुम्ही म्हणाल की ती अडून बसते, रडते, तेव्हा हातावर हात ठेवून बसू का. नाही, मदत करा, पण केलेली मदत दिसू द्या. मी पालकांना एक साधी खूण सांगितली होती, जिथे मुलाला घरच्यांनी सांगावं लागलं तिथे प्रश्नाच्या शेजारी पेन्सिलने छोटा त्रिकोण. बास. कुणाचे मार्क जाणार नाहीत, कुणाला ओरडा नाही. पहिल्या आठवड्यात फक्त दोन-तीन घरांतून त्रिकोण आले, मग मी सांगितलं की त्रिकोण असलेली वही मी आधी बघते, तेव्हा सगळे टाकायला लागले, आणि मग मला रात्री वह्या बघताना कळायचं की उद्या परत काय घ्यायचं. तुमच्या बाईंना विचारून बघा, नको म्हणणार नाहीत.

आणि मदत म्हणजे उत्तर सांगणं नाही हो. 'चुकलं' असं म्हणायच्या ऐवजी 'हे कसं काढलंस मला सांग ना' असं विचारा आणि मग खरोखर गप्प बसा, मनात दहापर्यंत मोजा. निम्म्या वेळा मूल सांगता सांगता स्वतःच थांबतं आणि म्हणतं अरे नाही नाही. नाहीच सुधारलं तर राहू दे तसंच, त्रिकोण पण नको, बाई बघतील. अजून एक, आपल्या लहानपणीची पद्धत मध्ये आणू नका. आपण 'हातचा घेतला' म्हणायचो, वर्गात हल्ली 'एक दशक सुटा केला' म्हणतात, गणित तेच आहे पण सात वर्षांच्या मुलाला ती दोन वेगळी गणितं वाटतात आणि मग ते दोन्हीकडून अडकतं.

रडण्याबद्दल. शाळेत शहाण्यासारखी बसणारी मुलगी घरी कॅमेऱ्यासमोर हट्ट करते याचा अर्थ तुम्ही कुठे कमी पडताय असा नाही. मुलं जिथे सगळ्यात सुरक्षित वाटतं तिथेच मोकळी होतात, आणि आता शाळाच त्या जागेत घुसलीये. तिच्यासाठी तुम्ही आई आहात, एकदम बाई झालात तर तिची आई जाते कुठे? म्हणून पण म्हणते शिकवू नका.

स्क्रीनसमोर तिच्या थकण्याचं कारणही खरं आहे, नाटक नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्यावर एक लेख लिहिला त्यात चार कारणं मांडली होती, खूप जवळून सतत दिसणारे चेहरे, स्वतःचा चेहरा सतत समोर, जागेवरून हलता न येणं, आणि हावभाव समजून घ्यायला नि दाखवायला लागणारी जास्तीची मेहनत. ते मुख्यतः मोठ्यांबद्दल आहे, पण मला ते चारही माझ्या सात वर्षांच्या मुलांमध्ये दिसत होते. यातली एक गोष्ट तुम्ही आजच करू शकता, झूममध्ये स्वतःचा व्हिडिओ फक्त स्वतःपुरता लपवायची सोय असते, सेटिंगमध्ये शोधा, बाकीच्यांना ती दिसत राहते पण तिला स्वतः दिसत नाही. आमच्या वर्गात अर्धा वेळ मुलं स्वतःचेच दात आणि केस बघत बसायची. दुसरं म्हणजे हलू द्या. उभं राहून ऐकलं, खुर्चीत गुडघ्यावर बसलं, हातात काही मळत बसलं तरी चालतं, ऐकते आहे ना मग झालं. माझा अनुभव असा की या वयाची मुलं सलग १५-२० मिनिटं नीट ऐकतात, त्यापुढे नुसती दिसतात. डोळ्यांसाठी तो २०-२०-२० चा नियम लावा, दर २० मिनिटांनी २० फूट लांबचं काहीतरी २० सेकंद बघायचं. आणि शाळा संपली की बाहेर उजेडात न्या, बाहेरच्या उजेडात घालवलेला वेळ लहान मुलांना चष्मा लागण्यापासून काही प्रमाणात वाचवतो हे आता बऱ्याच अभ्यासांमधून दिसलंय.

बसायची जागा एकच ठेवा, पलंग सोडून कुठलीही. पाय लोंबकळत असतील तर खाली खोका ठेवा, लोंबकळणाऱ्या पायांनी लहान मुलाचं लिखाण नीट होत नाही हे पालकांच्या लक्षात येत नाही. पेन्सिल, खोडरबर, पाण्याची बाटली आदल्या रात्रीच. पासवर्ड मोठ्या अक्षरात एका कार्डावर लिहून जवळ ठेवा आणि रविवारी दोन-तीन वेळा वर्ग नसताना तिलाच लॉगिन करायला, माइक चालू-बंद करायला लावा, सोमवारी सकाळी निम्मी रडारड तिथूनच सुरू होते. दिवसाचं वेळापत्रक चित्रांचं करा, वाचता येत असलं तरी. आणि शाळा संपते हे तिला कळू दे, वही दप्तरात, दप्तर कोपऱ्यात, लॅपटॉप बंद, नाहीतर शाळा रात्रीपर्यंत घरभर पसरून राहते आणि कुणालाच सुट्टी मिळत नाही.

फोन एकच असेल, किंवा दोन भावंडांचे वर्ग एकाच वेळी येत असतील, तर लाजू नका, बाईंना सरळ सांगा. युनिसेफ आणि आयटीयूने (संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संस्था) २०२० मध्ये सांगितलं होतं की जगातल्या ३ ते १७ वयाच्या मुलांपैकी दोन तृतीयांश, म्हणजे १३० कोटी मुलांच्या घरी तेव्हा इंटरनेटच नव्हतं. तेव्हा हे तुमचंच काही उणं आहे असं नाही. आमच्याकडे न बोललेल्या घरांचीच मुलं सुटली होती, कारण मला वाटलं लक्ष देत नाहीत. कळल्यावर मी पाच मिनिटांचा ऑडिओ आणि वहीतलं काम द्यायला लागले, आणि खरं सांगते ती मुलं लाइव्ह बसणाऱ्यांपेक्षा काही मागे राहिली नाहीत. फोनवर ऐकायचं, काम वहीत करायचं, एवढं पुरतं.

बाईंना मेसेज करताना 'हिला काहीच येत नाही' असं लिहू नका, त्यातून आम्हाला काही कळत नाही आणि मुलीच्या कानावर गेलं तर वाईट. 'तिसऱ्या गणिताला दहा मिनिटं अडली, शून्य आल्यावर थांबते' असं लिहा. यावर मी लगेच काही करू शकते. आठवड्यातून एकदा दोन गोष्टी पाठवा, तिच्या लिहिणाऱ्या हाताचा ३० सेकंदांचा व्हिडिओ आणि एक मिनिट मोठ्याने वाचलेल्याचा ऑडिओ, आणि त्या ऑडिओत मागून हळूच शब्द सांगू नका बरं, ऐकू येतं. पन्नास फोटोंपेक्षा मला या दोन गोष्टींतून जास्त कळतं. फोटो पाठवताना खिडकीजवळ, वरून सरळ, आपली सावली न पडता, आणि कोपऱ्यात तारीख. आणि वर्गाचे स्क्रीनशॉट कुठे टाकू नका, त्यात दुसऱ्यांची मुलं असतात.

एखादा दिवस पार बिघडतो. तुमची मीटिंग, तिचा मूड, नेट गेलेलं. अशा दिवशी काय सोडायचं हे आधीच ठरवून ठेवा म्हणजे वाद होत नाही. माझं मत असं की वर्कशीट पहिली सोडा, क्राफ्ट सोडा, अगदी लाइव्ह तास पण एखादा सोडा, पण रात्री पंधरा मिनिटं वाचणं सोडू नका, तुम्ही वाचा, ती वाचेल, पुढे काय होईल असं विचारा, भांडा गोष्टीतल्या माणसांवरून. हजेरीच्या मागे लागलेले पालक मी खूप बघितले, वाचनाच्या मागे लागलेले कमी.

आणि तुम्ही हेही लिहिलंय ना की ती तास संपल्यावर पण स्क्रीन बंद करू देत नाही, तो हट्ट नाहीये ताई. तिला मैत्रिणींशी बोलायचं असतं आणि तासात सगळ्यांचे माइक बंद असतात. आम्ही तास संपल्यावर दहा मिनिटं सगळ्यांचे माइक उघडे ठेवायचो, मी नुसती बसून राहायचे, मुलं दात दाखवायची, चित्रं दाखवायची, एकच गोष्ट आठ जण एकदम सांगायचे. त्या दहा मिनिटांसाठी काही मुलं पूर्ण तास बसायची. बाईंना हे सुचवा, आणि जमत नसेल तर दोन मैत्रिणींच्या आयांशी बोलून तुम्हीच संध्याकाळचा एक छोटा कॉल लावून द्या, आणि तेव्हा मात्र खोलीतून बाहेर जा.