हायवेवर 'पहिली लेन' नेमकी कुठली? आणि फास्ट लेनमध्ये वेगमर्यादा जास्त असते का?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून साताऱ्याला येताना 'पहिल्या, म्हणजे फास्ट लेनमध्ये' होता, मीटरला ९५ होते आणि चलान १०८ चं आलं. वर विचारलंय की फास्ट लेनला थोडी सूट असते ना.

नसते. वेगमर्यादा रस्त्याची असते, लेनची नाही. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेत दुभाजक असलेल्या चौपदरी आणि त्याहून मोठ्या रस्त्यावर कारला १००, मालवाहू गाडीला ८० धरलेत. त्यापेक्षा कमी आकड्याचा बोर्ड लावायचा अधिकार राज्याला आहे, आणि बोर्ड दिसला की तोच खरा. उजवी लेन ओव्हरटेकची. पुढं काढायचं आणि परत डावीकडं यायचं. ओव्हरटेक चालू होता म्हणून काटा वर गेला, हे कारण चालत नाही.

पण 'पहिली लेन' हा शब्द वाचला आणि हातातला चहा बाजूला ठेवला. कारण या दोन शब्दांवरून माझ्या घरात चार वर्षं भांडण चालू आहे.

मी कऱ्हाडात मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये चौदा वर्षं शिकवतोय. लेन डावीकडून मोजायच्या, असं मी पोरांना सांगतो. आपण डाव्या बाजूनं चालतो, नवीन माणूस डावीकडून रस्त्यावर येतो, म्हणून डावीकडची पहिली. सरळ हिशोब आहे. आमच्या दाजींनी ट्रकवर तीस वर्षं काढली, नंतर स्वतःच्या दोन गाड्या केल्या. ते दुभाजकाकडून मोजतात. एक नंबरची लेन म्हणजे दुभाजकाला चिकटलेली.

भाच्याच्या साखरपुड्याला पुण्याला निघालो होतो. गाडी दाजींची, चालवायला मी, दाजी शेजारी, मागं अक्का, माझी बायको आणि फेट्यांचे खोके. पौष संपत आलेला, कारखाने जोरात. आनेवाडी टोल सोडला, पाचवड गेलं, आणि भुईंजच्या अलीकडं समोर उसाचा ट्रॅक्टर. मागं दोन ट्रॉल्या, त्याही अशा भरलेल्या की ऊस दोन्ही बाजूंनी हात-हातभर बाहेर. मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, नुसतं एक लाल फडकं दोरीला लोंबत होतं. आणि हे सगळं मधल्या लेनमधून, बैलगाडीच्या चालीनं. त्याच्या उजवीकडं दुभाजकाला धरून एक कंटेनर, तोही पन्नासच्या आतच. डावी लेन मोकळी.

दाजी म्हणाले, "पयल्या लेनीनं काढ की. काय बघतुयास?"

त्यांच्या मनात होतं, कंटेनरला हॉर्न-डिपर दे, तो सरकला की उजवीकडून काढ. माझ्या डोक्यात पहिली म्हणजे डावी, आणि ती मोकळीच होती. घेतली डावीकडून. ज्या माणसानं शेकडो पोरांना "डावीकडून ओव्हरटेक करशील तर गाडीतनं उतरवीन" असं दरडावलंय, त्या माणसानं. ट्रॉलीतल्या उसाची पाचट काचेवर घासत गेली, तो आवाज मला अजून आठवतो. मागं बायकोनं "अगं बाई" म्हटलं.

ट्रॉली मागं पडल्यावर दाजी म्हणाले, "दाब आता." मी दाबली. जोशी विहिरीच्या अलीकडं साईडपट्टीवर पोलिसांची पांढरी इंटरसेप्टर, म्हणजे वेग मोजणारी गाडी, उभी होती. मी पाय काढला, पण आपल्याला ती दिसते तोवर तिनं आपल्याला कधीच बघितलेलं असतं.

हॉलवर पहिली पंगत उठायच्या आत दाजींच्या मोबाईलवर मेसेज. गाडी त्यांच्या नावावर, त्यामुळं चलान त्यांना. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि पाव्हण्यांच्या देखत मोठ्यानं वाचलं: मर्यादा ८०, वेग १०३, दंड दोन हजार. फोटोत आमची गाडी सगळ्यात डावीकडच्या लेनमध्ये, नंबर प्लेट चकचकीत. दाजी म्हणाले, "मी तुला पयल्या लेनीत जा म्हणलं हुतं, ह्यो कुठं गेलायस?" मी म्हटलं, "दाजी, हीच पहिली." तिथून जे सुरू झालं ते नवरीकडच्यांनी पेढे आणेपर्यंत चाललं.

दाजींचं म्हणणं असं की मी त्यांचं ऐकलं असतं, तर कंटेनरच्या मागं अडकून वेग वाढलाच नसता. म्हणजे दंड मी भरायचा. माझं म्हणणं, दाब कोण म्हणालं? आणि लेनचा दंड नाहीच हा, वेगाचा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८३. लेन कुठलीही असती तरी १०३ म्हणजे १०३.

तुमच्या चलानालाही हेच लागू आहे. इंटरसेप्टरमधली लेझर गन एका गाडीवर नेम धरून मारतात, तिला लेनचा नंबर कळत नाही आणि गरजही नाही. काही जण सांगतात की बंदूक कडेला तिरकी धरलेली असल्यामुळं वेग जास्त दिसतो. उलट आहे. तिरक्या कोनातून मोजलं तर वेग खऱ्यापेक्षा जरा कमीच दिसतो, म्हणजे कोन आपल्याच फायद्याचा.

तुमच्या ९५ आणि १०८ चं मात्र मला नवल वाटतं. कंपनीचा मीटर सहसा खऱ्या वेगापेक्षा दोन-चार आकडे पुढंच दाखवतो, मागं नाही. मीटर ९५ असेल तर खरा वेग ९५ किंवा त्याच्या खालीच असायला हवा. म्हणून आधी एक सांगा, टायर बदललेत का? हौसेनं मोठे टायर बसवले की चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं आणि मीटर कमी दाखवायला लागतो. मोबाईलच्या जीपीएसवर एकदा ताडून बघा. टायर कंपनीचेच असतील तर महाट्रॅफिक अ‍ॅपवर चलानाचा फोटो नीट उघडून बघा, नंबर तुमचाच आहे का, गाडी तुमचीच आहे का. नसेल तर तिथंच तक्रार टाकता येते. तुमचीच असेल तर भरून मोकळे व्हा. "मी फास्ट लेनमध्ये होतो" एवढं तक्रारीत लिहू नका, ते स्वतःच्या हातानं कबुली दिल्यासारखं होईल.

आता लेनच्या नावाचं. माझ्या वर्गात एकदा एका पोरीनं विचारलं, "सर, पहिली म्हणजे सर्व्हिस रोड धरून का सोडून?" वर्ग हसला, पण प्रश्न बरोबर होता. आमच्या कऱ्हाडकडं जुना चौपदरी होता तेव्हा एका बाजूला दोनच लेन, डावीकडून मोजलं तर ओव्हरटेकची दुसरी. साताऱ्याच्या पुढं सहा पदरी लागला की तीच तिसरी होते. उड्डाणपुलावरून उतरणारा रस्ता येऊन मिळाला की डावीकडं चौथी फुटते आणि दोनशे मीटरवर संपते. तेवढ्या वेळात माझी मोजणी दोनदा बदलते.

दाजींची बदलत नाही. दुभाजक जागचा हलत नाही, त्यामुळं त्यांची एक नंबर कायम एक नंबर. ट्रकवाले तसं का मोजतात हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही, कारण मग दोन हजाराचा विषय परत निघेल. ते पैसे शेवटी अक्कानं भिशीतून भरले आणि दोघांनाही महिनाभर धड जेवायला वाढलं नाही.

वर्गात मी आता आकडा वापरत नाही. 'दुभाजकाकडची', 'मधली', 'कडेची'. पोरांनीही गाडीत बसल्यावर तेच बोलायचं. फोनवर क्रेन बोलवायची असेल, शेजारचा माणूस रस्ता सांगत असेल, तरी तेच. तुमच्या घरी कोणी 'पहिली' म्हणत असेल तर गाडी चालू असताना वाद घालू नका, बोटानं दाखवा म्हणा.

आणि हो, डावीकडून काढल्याचं मला चलान आलं नाही म्हणून ते चालतं असं समजू नका. लेनची शिस्त मोडली तर त्याला वेगळं कलम आहे, १७७ अ, पाचशे ते हजार. त्या दिवशी फोटोत फक्त मीच होतो, ट्रॉली चौकटीबाहेर राहिली, एवढंच माझं नशीब. ट्रॉलीवाल्याला कुणी विचारलं का? तो अंधार पडल्यावर त्याच फडक्यावर परत भुईंजहून निघाला असणार.

टायरचं तेवढं कळवा.