कुरणात बी टाकण्याआधी शंभर पावले चाला

प्रश्न : तीन एकर कुरण आहे, त्यात सहा गाई चरतात. गवत दरवर्षी विरळ होत चालले आहे. गेल्या पावसाळ्यात अंजन गवताचे बी फोकले, पण जेमतेम चार ठोंब दिसतात. यंदा कोणते बी टाकावे?

उत्तर : बियाण्याचे नंतर पाहू. आधी कुरणातून तिरपे शंभर पावले चाला आणि दर पावलाला अंगठ्याखाली काय आले ते मोजा : चांगले गवत, तण की उघडी माती. निम्म्याहून जास्त वेळा चांगले गवत आले, तर बियाण्यावर खर्च करू नका. नुसत्या विसाव्याने ते भरून येते. तरोटा, कुसळी आणि मातीच जास्त आली, तरच पेरणीचा विचार करा.

गवत मरते ते बहुधा पहिल्या पावसानंतर. हिरवे दिसले की आपण दावी सोडतो. पण ती पहिली पाती ठोंबाने मुळांतल्या साठ्यावर काढलेली असतात. ती खाल्ली गेली की तो पुन्हा साठ्यातूनच काढतो, आणि दोन-तीनदा असे झाले की साठा संपतो. म्हणून सुरुवातीचे सहा आठवडे गुरे गोठ्यातच बांधा. वैरणीची ओढाताण होते हे मला माहीत आहे, पण हे टाळून दुसरे काही केले तर उपयोग होत नाही.

तुमचे बी का उगवले नाही? मूठभर तळहातावर चोळून बघा. अंजनाच्या लवदार बोंडात दाणा असतोच असे नाही, बरीच पोकळ निघतात. शिवाय ताजे बी सुप्तावस्थेत असते, त्यामुळे सहा महिने ते वर्षभर ठेवलेले बी घ्या. आणखी एक चूक सर्रास होते, ती म्हणजे बी खोल गाडणे. फार खोल गेले की कोंब वर येणे कठीण होते.

बी हलके असल्याने वाऱ्यावर उडते, म्हणून ओलसर मातीत कालवून फोका. पावसाच्या तोंडावर उघड्या जागी फणाची उथळ पाळी द्या, बी टाका आणि वरून काटेरी फांदी ओढा. जुने चांगले ठोंब मोडू नका. एकरी दोन किलो अंजन आणि एक किलो स्टायलो (शेंगा येणारे चारा पीक) पुरे. स्टायलोचे कवच टणक असते; 80 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तीन-चार मिनिटे बुडवून मग रात्रभर साध्या पाण्यात ठेवा. स्टायलो द्विदल आहे, चाऱ्यात प्रथिने वाढतात आणि जमिनीला नत्रही मिळते.

पेरलेल्या जागेत पहिले वर्ष गुरे नकोत. बी झडल्यावर विळ्याने कापून वैरण गोठ्यात न्या. दुसऱ्या वर्षी आत सोडण्यापूर्वी ठोंब हाताने ओढून पाहा : पाने तुटली तर मुळे धरली, मुळासकट हातात आला तर अजून थांबा.

पुढे कुरणाचे चार कप्पे करा. गवत वीतभर झाले की गुरे सोडा, चार बोटे उरले की काढा. पावसाळ्यात त्या कप्प्याला महिनाभर विसावा मिळाला पाहिजे. हे सांभाळूनही गवत खुरटले, तर तीन एकरांना सहा गाई जास्त आहेत. मग दोन गाई गोठ्यात ठेवून कापलेल्या चाऱ्यावर पोसा.