कर्बाम्ल वायू चूक नाही, सोड्याचा उपदेश चूक आहे

प्रश्न असा आलाय की जुन्या मराठी पुस्तकांत कार्बन डायऑक्साइडला ‘कर्बाम्ल वायू’ म्हटलेलं दिसतं, तर हा वायू ॲसिड आहे का, आणि लिहायचं काय, अम्ल की आम्ल?

आधी एक राग काढून घेतो. “ॲसिडिटी झालीये? एक सोडा मार, सोडा अल्कलाईन असतो” हे गाडीवर उभं राहून सांगणारे थांबवा रे कुणीतरी. अल्कलाईन असतो तो खाण्याचा सोडा. बाटलीतल्या पाण्यात दाबून भरलेला असतो कार्बन डायऑक्साइड, आणि ते पाणी चक्क अम्लधर्मी असतं, पीएच ४ च्या आसपास (पीएच ७ म्हणजे मध्यम, त्याखाली अम्ल). १८व्या शतकाच्या शेवटी लोक त्यात खरंच सोडा घालायचे म्हणून ते नाव पडलं, पुढे सोडा गेला आणि नाव उरलं. ढेकर येते ती गॅसची, ॲसिड गेल्याची नाही!

आता कर्बाम्ल. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लावॉझिएची ठाम समजूत होती की ऑक्सिजनशिवाय ॲसिड होतच नाही, म्हणून त्याने नावच ठेवलं ऑक्सिजन, म्हणजे अम्ल जन्माला घालणारा. त्याच हिशोबाने कोळसा जळून होणारा वायू झाला कार्बनिक ॲसिड गॅस, आणि आपल्या लोकांनी सरळ कर्बाम्ल केलं. १८१० मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ डेव्हीने क्लोरीन हे मूलद्रव्य आहे असं सांगितलं, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिडात ऑक्सिजन नाहीच, झालं, समजूत कोसळली. पण नावं काय कोसळत नाहीत. ऑक्सिजनच्या बंगाली ‘अम्लजान’ या नावात ती चूक अजून बसलीये, आपण ‘प्राणवायू’ म्हणून सुटलो. जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींना विचारा, फसफसणाऱ्या पाण्याच्या बाटलीवर आजही ‘कोलनझॉयरं’ लिहिलेलं असतं. कोल म्हणजे कोळसा, झॉयरं म्हणजे अम्ल, थेट कर्बाम्लच की! त्यामुळे ‘कर्बाम्ल हे अडाणी भाषांतर, कर्बद्विप्राणिद म्हणा’ असं सांगणाऱ्या शुद्धिवाद्यांनी तो शब्द आधी स्वतः एका दमात म्हणून दाखवावा.

बाकी कोरडा वायू ॲसिड नाहीच, त्यात हायड्रोजन कुठाय. कोरडा निळा लिटमस त्यात धरा, ढिम्म. तोच कागद ओला करून धरा, लालसर व्हायला लागतो. पाण्यात विरघळलेल्यापैकी जेमतेम हजारात दोनेक रेणू खरं कार्बनिक ॲसिड होतात, बाकीचे नुसते विरघळून पडलेले असतात, पण तेवढ्यावरही स्वच्छ हवेतल्या पावसाचा पीएच ५.६ वर येतो.

पण मला खरी गंमत वाटते ती ‘आंबणे’ची. संस्कृत अम्ल, प्राकृतात अंब, त्यातून आंबट, आंबील, आंबणे. (आंबा यातला नव्हे, तो आम्रचा. प्राकृतात दोघांचं अंब झालं म्हणून ‘आंबट म्हणजे आंब्यासारखं’ असं ठोकून देणारे व्युत्पत्तिकार निघालेत, त्यांनी पिकलेला हापूस खाल्ला नसावा.) इडलीचं पीठ रात्री आंबलं की सकाळी आंबटही होतं आणि पातेल्याबाहेरही येतं. आंबटपणा लॅक्टिक ॲसिडचा, फुगणं कार्बन डायऑक्साइडचं, दोन वेगळ्या गोष्टी, पण आपल्याकडे क्रियापद एकच. आता बघा, इंग्रज शास्त्रज्ञ प्रीस्टलीने सोडावॉटरचे प्रयोग सुरू केले ते इंग्लंडातल्या लीड्समध्ये शेजारच्या बिअरच्या भट्टीत, आंबणाऱ्या पिंपांवर साचलेला हाच वायू घेऊन! माझं म्हणणं, हे नाव मराठी माणसाने फ्रेंचांची वाट न बघता ठेवलं असतं तर ते ‘आंबवायू’ झालं असतं आणि शाळेत कुणाला पाठ करावं लागलं नसतं. यावर एका भाषापंडितांनी मला ‘रसायनशास्त्र स्वयंपाकघरात शिकत नाहीत’ असं ऐकवलं होतं. मग कुठे शिकतात?

हां, अम्ल की आम्ल राहिलंच. विश्वकोशात अम्ल, बालभारतीत आम्ल, संस्कृतात दोन्ही. मी अम्ल लिहितो, आम्ल लिहिलं की मला आम्लेट आठवतं.